'कळकणे' आणि बालकांचा यकृतरोग : एका वैद्यकीय संशोधनाची भाषिक बाजू

१

मराठी घरांत 'कळकणे' हे क्रियापद अगदी अलीकडेपर्यंत रोजच्या वापरातले होते. पितळी भांड्यात ताक राहिले, अथवा चिंच घातलेली आमटी कल्हई उडालेल्या पातेल्यात रात्रभर पडली, की ती कळकते. तिला एक तुरट-कडवट चव येते, क्वचित कडेला हिरवट झाक दिसते, आणि घरातील जाणती बाई ती कोणाच्या पानात न वाढता टाकून देते. या एका शब्दात बरेच काही गृहीत धरलेले आहे. भांडे कशाचे, पदार्थ कोणता, तो किती वेळ राहिला आणि खाणाराला त्यापासून काय होईल, हे सारे न सांगता समजते. रसायनशास्त्राच्या परिभाषेत हीच गोष्ट सांगावयाची तर 'आम्लधर्मी अन्नाच्या दीर्घ संपर्काने तांब्याचे क्षार अन्नात उतरणे' असे लांबलचक वाक्य योजावे लागते.

घरगुती शब्दांत अशा प्रकारे साठलेले ज्ञान हा लोकसाहित्याच्या आणि भाषेच्या अभ्यासकांच्या आवडीचा विषय आहे. तथापि त्या ज्ञानाला सीमाही असतात, आणि कधी कधी त्या सीमा जीवघेण्या ठरतात, याकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही. भारतीय बालकांच्या एका दुर्धर यकृतरोगाचे संशोधन हे याचे बोलके उदाहरण होय. सुमारे शंभर वर्षे हा रोग वैद्यकाला कोडे घालीत राहिला. त्याच्या उलगड्याचा धागा अखेर स्वयंपाकघरातील पितळी भांड्याशी जाऊन पोहोचला, आणि त्यातही अशा पदार्थाशी की ज्याला 'कळकणे' हा शब्द सहसा कोणी लावीत नसे. तो पदार्थ म्हणजे तान्ह्या मुलाला पाजावयाचे दूध.

२

वैद्यकीय वाङ्मयात या रोगाची पहिली नोंद १८८७ साली कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी केली. त्यानंतरच्या काही वर्षांत त्याच शहरातून आणखी वर्णने प्रसिद्ध झाली, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशाच्या निरनिराळ्या भागांतून अशाच मुलांची माहिती येऊ लागली. पुढे 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' या नावाने तो जगभरच्या बालरोगशास्त्रात ओळखला जाऊ लागला. मराठी वैद्यकीय परिभाषेत सिऱ्होसिसला यकृताचे सूत्रण म्हणतात. यकृताच्या पेशी मरून त्यांच्या जागी तंतुमय ऊतक वाढणे, असा त्याचा अर्थ. घरोघर मात्र 'मुलाचे यकृत वाढले' एवढेच म्हटले जाई.

रोगाचे चित्र ठरावीक असे. सहा महिने ते तीन-चार वर्षे या वयातले मूल. तोवर बरे चाललेले. प्रथम ते चिडचिडे होते, अन्नावरची वासना जाते, पोट मोठे दिसू लागते. डॉक्टरने पोट चाचपून पाहिले तर उजव्या बरगडीखाली यकृताची कठीण आणि पानाच्या कडेसारखी धारदार कड हाताला लागते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी कावीळ दिसते, पोटात पाणी साठते, आणि उपचाराविना बहुतेक मुले वर्षाच्या आत दगावतात. मुलींपेक्षा मुलगे अधिक बळी पडत. एकाच घरात एकापाठोपाठ एक भावंडे जाण्याचे प्रसंग वारंवार नोंदले गेले. शहरापेक्षा खेड्यांत, अन्य समाजांपेक्षा हिंदू कुटुंबांत, आणि अत्यंत गरिबांपेक्षा मध्यम परिस्थितीच्या घरांत तो अधिक आढळे.

या तपशिलांतील प्रत्येकाने संशोधकांना एकेका वेगळ्या वाटेने नेले. भावंडे दगावतात म्हणून आनुवंशिकतेचा संशय आला. रोग विशिष्ट जातिसमूहांत दिसतो म्हणून नात्यातील विवाहांची चर्चा झाली. यकृताचा दाह दिसतो म्हणून विषाणू शोधले गेले. मुले दुबळी होतात म्हणून आहारातील प्रथिनांच्या उणिवेकडे बोट दाखविण्यात आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या यकृतरोगविषयक उपसमितीने १९५५ मध्ये या रोगासंबंधीचा आपला अहवाल प्रसिद्ध केला. कारण मात्र हाती लागले नाही. कुपोषणाची उपपत्ती तर मुळातच अडखळत होती. ज्या घरांत खावयास नाही त्या घरांपेक्षा ज्या घरांत दूधदुभते आहे अशा घरांतील मुले अधिक मरत होती.

३

पहिला निर्णायक दुवा १९७८ मध्ये मिळाला, आणि तो एका रंगद्रव्यामुळे मिळाला. ऑर्सीन हे मूळचे दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतींपासून काढलेले रंगद्रव्य. यकृताच्या पातळ कापांवर त्याची प्रक्रिया केली असता 'ब' प्रकारच्या काविळीच्या विषाणूचा अंश ओळखता येतो, म्हणून त्या दशकात ते प्रयोगशाळांतून वापरात आले होते. लंडनमधील किंग्ज कॉलेज रुग्णालयातील पोर्टमन, टॅनर, मोवॅट आणि विल्यम्स यांनी या भारतीय रोगाने ग्रस्त झालेल्या मुलांच्या यकृताचे काप त्या रंगाने रंगविले, तेव्हा पेशींमध्ये गडद तपकिरी रंगाचे ठसठशीत कण दिसले. हे कण विषाणूचे नव्हते; तांबे ज्यांना चिकटून राहते अशा प्रथिनांचे ते साठे होते. १९७९ मध्ये पॉपर व त्यांचे सहकारी यांनी याच रोगातील पेशींमध्ये तांबे कसे साठते आणि कसे घातक ठरते याचे विवेचन प्रसिद्ध केले. त्या सहकाऱ्यांत एन. सी. नायक हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ होते.

यकृतातील तांब्याचे मोजमाप केले असता आकडे थक्क करणारे निघाले. निरोगी मोठ्या माणसाच्या यकृतात, कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे तांबे साधारणतः ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांच्या यकृतात ते आठशेच्या वर आणि कित्येकदा काही हजारांच्या घरात होते.

तांब्याने यकृत निकामी होण्याचा एक रोग वैद्यकाला आधीच ठाऊक होता. विल्सन यांनी १९१२ मध्ये वर्णिलेला तो आनुवंशिक विकार होय. परंतु तो सहसा इतक्या लहान वयात प्रकट होत नाही, आणि रक्तातील तांबे वाहून नेणारे प्रथिन त्यात बहुधा कमी असते. भारतीय बालकांत ते कमी नव्हते. तेव्हा तांबे शरीरात अडकून राहण्याचे कारण विल्सनच्या रोगाहून निराळे असले पाहिजे, किंवा बाहेरून येणारे तांबेच अतोनात असले पाहिजे, असे दोन पर्याय उरले.

तांब्याचा शरीरातील प्रवास लक्षात घेतला म्हणजे तान्ह्या मुलांवरच हा घाला का यावा, हे काहीसे स्पष्ट होते. शरीराला तांबे अल्प प्रमाणात हवेच असते. जादा तांबे बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग एकच, तो म्हणजे पित्त. गर्भावस्थेच्या अखेरीस मूल आपल्या यकृतात तांब्याचा मोठा साठा करून ठेवते. तो मोठ्या माणसाच्या मानाने कितीतरी पट असतो आणि जन्मानंतरच्या महिन्यांत हळूहळू खर्ची पडतो. आईच्या दुधात तांबे थोडेच असते, कारण बाळाला या काळात अधिकाची गरज नसते. पित्तावाटे उत्सर्जन करण्याची यंत्रणाही अद्याप पुरती तयार झालेली नसते. नेमक्या याच महिन्यांत बाहेरून तांब्याचा ओघ सुरू झाला, तर भरलेल्या कोठारात आणखी भर पडत जाते.

४

तांबे बाहेरून येत असेल तर कोठून, या प्रश्नाचे उत्तर पुण्यात शोधले गेले. तेथील केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांचे सहकारी या रोगाच्या मुलांवर उपचार करीत होते. लंडनच्या संशोधनात सहभागी असलेले स्टुअर्ट टॅनर त्यांच्याबरोबर काम करू लागले. मुलांच्या घरी दूध कशात तापवितात, कशात ठेवतात आणि ते मुलाला कोणत्या महिन्यापासून पाजतात, याची विचारपूस या संशोधनाच्या केंद्रस्थानी होती.

वरवर साध्या वाटणाऱ्या या चौकशीचे मोल भाषेच्या अभ्यासकाला चटकन जाणवेल. शरीराची तपासणी करण्यास यंत्रे लागतात. स्वयंपाकघराची तपासणी करण्यास भांड्यांची नावे लागतात. पातेले, तपेले, गंज, चरवी, कासंडी, लोटी, वाटी, बोंडले ही प्रत्येक वस्तू दुधाच्या प्रवासातील एक टप्पा आहे, आणि प्रत्येकीचा धातू निराळा असू शकतो. धार काढण्याचे भांडे एक, तापविण्याचे दुसरे, साठविण्याचे तिसरे आणि मुलाच्या तोंडाला लावण्याचे चौथे. 'मुलाला कोणते दूध देता?' या प्रश्नाला 'गाईचे' किंवा 'म्हशीचे' हेच उत्तर येणार. भांड्याचा उल्लेख त्यात येणार नाही, कारण सांगणारीच्या दृष्टीने तो सांगण्यासारखा नाही. दूध आणि भांडे यांना एकत्र आणणारा प्रश्न विचारला जाणे, हाच येथे संशोधनाचा गाभा होता.

१९८३ मध्ये टॅनर, कंतार्जियन, भावे आणि पंडित यांचा निबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रोगी मुलांना वरचे दूध फार लवकर सुरू झालेले होते, आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत तापविले व ठेवले जात होते, असे त्यातून पुढे आले. १९८७ मध्ये भावे, पंडित व टॅनर यांनी रोगी मुले आणि त्यांच्या जोडीला घेतलेली निरोगी मुले यांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध केली. तिनेही याच निष्कर्षाला बळ दिले. १९८९ मध्ये ओनील आणि टॅनर यांनी प्रयोगशाळेत पितळी भांड्यांतील दुधाची परीक्षा केली. पाणी पितळेतून फारसे तांबे घेत नाही; दूध मात्र ते मोठ्या प्रमाणात ओढून घेते, आणि ते तांबे दुधातील केसीन या प्रथिनाला बांधले जाते, असे या परीक्षेत दिसून आले.

उपचाराच्या बाबतीतही याच धाग्याचा उपयोग झाला. शरीरातील तांबे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारे पेनिसिलामीन हे औषध विल्सनच्या रोगासाठी वॉल्श यांनी १९५६ मध्ये सुचविले होते. पुण्यातील मुलांवर त्याचे पद्धतशीर प्रयोग झाले, आणि त्यांचे फलित १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग पुढे गेल्यावर, काविळीने मूल ग्रासल्यावर औषधाचा लाभ थोडा. आरंभीच सुरू केल्यास मात्र काही मुले वाचतात, असे त्यांतून दिसले. अशा वाचलेल्या मुलांच्या दीर्घकालीन प्रगतीचा अहवाल बावडेकर व इतर यांनी १९९६ मध्ये दिला. बालपणी ज्यांचे यकृत जवळजवळ नष्ट झाले होते अशी मुले औषध थांबल्यानंतरही चांगली राहिली, ही बाब महत्त्वाची होती. जन्मजात चयापचयाचा दोष असता तर औषध आयुष्यभर घ्यावे लागले असते.

५

आता 'कळकणे' या शब्दाकडे पुन्हा वळले पाहिजे. तांबे-पितळेपासून अन्नाला बाधा होते हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्याच समाजात मुलांचे दूध पितळेत कसे ठेवले गेले?

धातूची ही बाधा भारतीय भाषांत सर्वत्र परिचित आहे. हिंदीत काशा-पितळेच्या भांड्यातील आंबट पदार्थ बिघडण्याला 'कसाना' हे क्रियापद आहे. तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या थराला कन्नडमध्ये 'किलुबु', तेलुगूत 'चिलुमु' आणि तमिळमध्ये 'कळिम्बु' म्हणतात. तमिळ शैवसिद्धांताने तर याच थराला तत्त्वज्ञानात स्थान दिले. तांब्याला कळिम्बु जसा मुळापासून लागलेला असतो, तसा जीवाला आणव मल लागलेला असतो, हा दृष्टान्त त्या परंपरेत प्रसिद्ध आहे. कल्हई हा मूळ अरबी शब्द फारसीमार्गे हिंदीत 'कलई', कन्नडमध्ये 'कलायि' आणि तेलुगूत 'कळायि' असा पसरला, आणि त्याच्याबरोबर भाता, कथील, नवसागर घेऊन दारोदार फिरणारा कारागीरही पसरला. ढोंग उघडे होण्याला हिंदीत 'कलई खुलना' म्हणतात, तर मराठीत 'पितळ उघडे पडणे'. एका भाषेने वरचा थर पाहिला, दुसरीने खालचा धातू.

संस्कृत ग्रंथांतही सावधगिरी दिसते. रसशास्त्राचे ग्रंथ अशुद्ध तांब्याला विषाहून वाईट मानतात आणि त्याचे आठ दोष मोजतात. भ्रम, मूर्च्छा, दाह, वांती, अरुची ही त्यांतील काही. धर्मशास्त्रीय परंपरेत आणि ब्रह्मवैवर्तपुराणात ताम्रपात्रातून दूध पिणे निषिद्ध मानलेले आहे. अनेक घरांत पूजेच्या तांब्याच्या भांड्यात दूध ठेवीत नाहीत, ते या निषेधाला धरूनच.

इतके असूनही मुलाचे दूध या साऱ्या पहाऱ्यातून निसटले. त्याची कारणे शब्दांच्या अर्थकक्षा पाहिल्या म्हणजे लक्षात येतात.

पहिली कक्षा आंबटपणाची. 'कळकणे' हे ताक, दही, आमटी, लोणचे, कोकमाचे सार यांच्याविषयी बोलले जाते. दूध नासते, फाटते, लागते, उतू जाते. पण दूध कळकले असे सहसा कोणी म्हणत नाही. दूध जवळजवळ उदासीन असते, त्यात आंबटपणा नाही, म्हणून ते पितळेत सुरक्षित आहे अशी समजूत त्या शब्दप्रयोगांत अंतर्भूत आहे. आम्ल धातूला विरघळविते एवढे अनुभवाने कळले होते. प्रथिन धातूला ओढून घेते, हे कळण्यास केसीन म्हणजे काय हे ठाऊक असावयास हवे होते.

दुसरी कक्षा धातूच्या नावाची. ग्रंथांतील निषेध ताम्रपात्राला आहे. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू असून त्यात तांब्याचाच वाटा मोठा असतो. परंतु भाषेत त्याला स्वतंत्र नाव, स्वतंत्र रंग आणि स्वतंत्र प्रतिष्ठा आहे. तांब्याचे भांडे पाण्याचे आणि देवाचे, पितळेचे संसाराचे, अशी वाटणी झाली. नाव बदलताच निषेधही गळून पडला. शिवाय निषेधाचे कारण तेथे रोग हे नव्हते. पाप हे होते. जेथे पाप लागू होत नाही तेथे तो पाळण्याचे प्रयोजन उरत नाही.

तिसरी कक्षा इंद्रियांची आणि काळाची. कळकलेले ताक जिभेला ताबडतोब कळते, आणि ते प्यायल्यास मळमळ त्याच दिवशी होते. कारण आणि कार्य इतके जवळ असल्यावर शब्द तयार होतो. दुधातील तांबे प्रथिनाला बांधलेले. पिणारे मूल बोलू न शकणारे. आणि परिणाम महिन्यांनी दिसणारा. मधल्या काळात तेच दूध घरातील मोठी माणसेही पीत होती, आणि त्यांना काही होत नव्हते. अशा परिस्थितीत अनुभवातून शब्द जन्माला येणे जवळपास अशक्यच होते. घरगुती शब्दसंपदेत जे ज्ञान साठते ते मुख्यतः लवकर आणि उघडपणे दिसणाऱ्या अपायांचे असते. मंदगतीने साचत जाणारा अपाय ओळखण्यास मोजमाप, तुलना आणि नोंदी यांची गरज लागते, हा या उदाहरणाचा सामान्य निष्कर्ष म्हणता येईल.

यात एक सामाजिक बाजूही आहे. पितळेची भांडी हे खाऊनपिऊन सुखी असलेल्या घराचे लक्षण होते. मुलीच्या लग्नात ती रुखवतात मांडली जात. त्यांवर नावे कोरली जात. अगदी गरिबाच्या घरी मातीचे मडके किंवा 'जर्मन'चे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, पातेले असे. जनावराचे दूध विकत घेण्याची किंवा गाय-म्हैस बाळगण्याची ऐपत आणि ते पितळेत तापविण्याची ऐपत या दोन्ही गोष्टी एकाच वर्गात एकत्र येत होत्या. रोग मध्यम परिस्थितीच्या घरांतच का अधिक, या जुन्या कोड्यावर यामुळे प्रकाश पडतो. आणि मुलाला काही कमी पडू नये म्हणून त्याला वरचे दूध लवकर सुरू करणाऱ्या आईला, आपण देत आहोत ते काय आहे, हे कळण्याचे कोणतेच साधन तिच्या भाषेने दिलेले नव्हते.

६

येथवरचे विवेचन वाचून सारे कोडे सुटले असे वाटण्याचा संभव आहे. पण तसे मानणे संशोधनाच्या स्थितीला धरून होणार नाही. पितळेतील दूध प्यालेली मुले लाखो. आजारी पडलेली त्या मानाने थोडी. हे अंतर कशाने भरावयाचे?

या दृष्टीने ऑस्ट्रियातील टायरोल प्रांताचे उदाहरण उद्‌बोधक आहे. म्युलर व त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये असे दाखविले की, तेथील डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुले भारतीय रोगाशी अगदी मिळत्याजुळत्या यकृतरोगाने मरण पावली. तेथेही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापवून मुलांना देण्याची रीत होती, आणि ती भांडी जाऊन कारखान्यातील नवी भांडी आल्यावर रोगही नाहीसा झाला. परंतु मृतांच्या वंशावळी तपासता, दोषी जनुक आई व बाप या दोघांकडूनही आल्यावरच प्रकट होणाऱ्या आनुवंशिक विकारांसारखा आकृतिबंध दिसला. म्हणून संशोधकांनी त्याला परिस्थिती आणि आनुवंशिकता या दोहोंच्या संयोगाने उद्भवणारा रोग म्हटले. भांडे सर्वांचे सारखे. बळी मात्र ज्यांच्या शरीरात आधीच काही दुबळेपणा आहे त्यांचाच. जर्मनीतही तांब्याच्या नळांतून आलेल्या, आम्लधर्मी विहिरीच्या पाण्याने दूध कालवून दिलेल्या मुलांत असा रोग नोंदला गेला. उलट शाइनबर्ग व स्टर्नलीब यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील गावांचा दाखला दिला. तेथील पाण्यात तांबे बरेच असूनही लहान मुलांत यकृतरोगाने मृत्यू आढळले नाहीत.

भारतातही मतभेद राहिले. ज्यांचा १९७९ च्या संशोधनात सहभाग होता त्या नायक यांनीच, ए. आर. चितळे यांच्यासह २०१३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये लिहिताना, तांबे हे या रोगाचे मूळ कारण मानण्याविषयी शंका उपस्थित केली. यकृत आधी दुसऱ्या कशाने तरी दुखावले आणि मग त्यात तांबे साठले, अशी शक्यता अशा आक्षेपांच्या मुळाशी आहे. यकृतातील तांबे हे कारण की परिणाम, हा प्रश्न रंगविलेल्या कापाकडे पाहून सुटणारा नाही. पुण्याच्या संशोधनाचे बळ आहे ते आहाराच्या तुलनेत, दुधाच्या परीक्षेत, औषधाच्या परिणामात आणि भांडी बदलल्यानंतर झालेल्या ऱ्हासात. एकेकटा पुरावा अपुरा असला, तरी हे चारही एकाच दिशेला बोट दाखवितात.

७

रोगाच्या ऱ्हासाची कहाणी या विषयाचा सर्वांत विलक्षण भाग म्हणावा लागेल. पितळेतील दुधाविरुद्ध डॉक्टरांनी लोकांना सावध केले हे खरे. तथापि पितळेची पीछेहाट त्याच्या आधीच सुरू झालेली होती. १९६० नंतरच्या दशकांत स्टेनलेस स्टील मध्यमवर्गीय घरांत आले. ते चिंचेने घासावे लागत नाही, त्याला कल्हई करावी लागत नाही, आणि त्यात काही कळकत नाही. जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देणारी बोहारीण महाराष्ट्राच्या शहरांतून दारोदार फिरू लागली. पितळेची भांडी माळ्यावर गेली किंवा मोडीत निघाली. सोय, टापटीप आणि नव्याची हौस या कारणांनी घडलेल्या या बदलात मुलांच्या यकृताचा विचार कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. तरी ज्या रुग्णालयांत या रोगाची मुले नित्य येत असत, तेथे १९९० च्या दशकापर्यंत ती विरळ झाली. पुढील पिढीतील कित्येक डॉक्टरांना तो रोग पुस्तकातूनच माहीत झाला.

त्याच्याबरोबर 'कळकणे' हा शब्दही मागे पडला. स्टीलच्या घरात वाढलेल्या मराठी मुलाला तो बहुधा समजावून सांगावा लागतो. शब्द जातो तेव्हा त्याच्याबरोबर एक इशाराही जातो, आणि तो इशारा आता निरुपयोगी झाला आहे असे म्हणता येत नाही. अलीकडे परंपरेच्या ओढीने तांब्या-पितळेची भांडी पुन्हा बाजारात प्रतिष्ठा मिळवीत आहेत. तांब्यातील पाणी आरोग्याला हितकर असते, असे सांगितले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील तांब्याची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम अशी सुचविलेली आहे. साधे पाणी थोडा वेळ तांब्यात राहिल्याने होणारा संपर्क आणि आंबट सरबत किंवा दूध तासन्‌तास राहिल्याने होणारा संपर्क, यांत मोठा फरक आहे. हा फरक जुन्या पिढीला निम्मा ठाऊक होता; आंबटाची गोष्ट तिला समजलेली होती, दुधाची नव्हती. परंपरा पुन्हा उचलावयाची तर तिचा अर्धाच भाग उचलून चालणार नाही. कल्हईसह आणि कळकण्याच्या भीतीसह ती घ्यावी लागेल, आणि संशोधनाने शिकविलेली दुधाची गोष्ट तिच्यात घालावी लागेल.

भारतीय भाषांतील घरगुती शब्दांचे संकलन करणाऱ्या अभ्यासकांनी भांडी, धातू आणि अन्नाचे बिघडणे यांविषयीचे शब्द नोंदविताना ते कोणत्या पदार्थाला लागू होतात याबरोबरच कोणत्या पदार्थाला लागू होत नाहीत, हेही नोंदविले पाहिजे. कोशात 'कळकणे' या शब्दापुढे अर्थ असतो. दूध कळकत नाही अशी लोकांची समजूत होती, ही नोंद त्यापुढे सहसा नसते. शंभर वर्षे अनेक घरांतील पाळणे रिकामे करणाऱ्या एका रोगाची वाट कदाचित त्या न नोंदलेल्या जागेतूनच गेलेली होती.